काहिलीतले तांडेल

सोलापूरला समुद्र नाही, ही गोष्ट साऱ्या जगाला मान्य होती. फक्त आमच्या चाळीतल्या तांडेलांना ती कधीच पटली नाही. रोज पहाटे ते गॅलरीत उघड्या अंगाने उभे राहत, तर्जनी तोंडात घालून ओली करत आणि ती हवेत धरून वारा कुठून येतो ते बघत. मग माझ्या दाराशी येत. मी दात घासत असे. "मास्तरानू, आज वारो बरो नाय," एवढे सांगून ते गिरणीत निघून जात, आणि मी, ज्याचा वाऱ्याशी संबंध वर्गाची खिडकी लावण्यापुरता, दिवसभर विनाकारण अस्वस्थ राही. आमच्यापासून समुद्र दोन दिवसांच्या वाटेवर होता. पण तांडेलांचा हिशेब असा, की सोलापुरावरून पश्चिमेला गेलेला वारा दुसऱ्या दिवशी घाट उतरून त्यांच्या गावच्या होड्यांना गाठतो, म्हणजे तो आधी तपासण्याची जबाबदारी त्यांची.

तांडेल म्हणजे होडीवरचा मुख्य माणूस. आमचे तांडेल कधीच कोणत्याही होडीचे मुख्य नव्हते. मालवणाकडच्या किनाऱ्यावरच्या एका गावातून ते अठराव्या वर्षी पोटासाठी सोलापूरला आले आणि गिरणीत दोरवाले म्हणून लागले, ते तिथलेच झाले. मोठ्या चाकावरून वरच्या मजल्यापर्यंत फिरणारे मनगटाएवढे सुती दोर तुटले की ते जोडायचे, आणि यंत्राचे अवजड भाग वर चढवायचे असले की बांधायचे, हे त्यांचे काम. दोराची अक्कल त्यांनी जाळ्यावर कमावलेली होती. त्यांनी मारलेली गाठ सुटल्याचे कोणी पाहिले नव्हते. एकदा माझी बदली झाली म्हणून मी त्यांना पुस्तकांची ट्रंक बांधायला सांगितली. माझ्या बदलीचा हुकूम रद्द झाला, तरी ती ट्रंक दोन महिने तशीच राहिली, आणि शेवटी मी विळीने दोर कापला. तांडेल माझ्याशी आठवडाभर बोलले नाहीत.

भाषेचेही त्यांनी असेच काहीतरी करून ठेवले होते. मूळची मालवणी, तिच्यात वीस-बावीस वर्षांची सोलापुरी मुरलेली. "लई वायट वारो सुटलो की हो," हे वाक्य जगात दुसरे कोणी बोलत असेल असे मला वाटत नाही. पंचांग ते आमच्या भटजींपेक्षा बारकाईने पाहत, पण ग्रहांसाठी नव्हे. तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ निघते, असे त्यांचे गणित होते. पौर्णिमेला बरोबर सव्वाअकराला गिरणीच्या फाटकात उभे राहून ते येणाऱ्या-जाणाऱ्याला "आता पूर्ण भरती" असे सांगत. उन्हाने भाजलेल्या, पाण्यासाठी नळावर भांडणाऱ्या त्या गावात ही बातमी कोणाच्या काय उपयोगाची, हा प्रश्न त्यांना कधी पडला नाही.

त्यांची बायको, म्हणजे आमच्या मामी, भीमेकाठच्या कोळ्यांच्या. माहेरी मासेमारी पिढ्यान्‌पिढ्यांची, पण नदीची. यावरून घरात रोज खटके उडत. मामींचा भाऊ कधी टोपलीभर ताजे मासे घेऊन आला, तर तांडेल एक तुकडा तोंडात टाकून ताट बाजूला सारत. "ह्या माशाक मीठच नाय." मामी शांतपणे मिठाचे भांडे त्यांच्यापुढे ठेवत. "घ्या की. समुद्रात बी मीठच आसतंय न्हवं? घाला वरनं आन खावा." समुद्र मामींनी कधी पाहिला नव्हता, आणि नवऱ्याच्या तोंडून इतका ऐकला होता की पाहण्याची इच्छाही उरली नव्हती.

खरी धांदल उडायची ती अश्विनात. नारळी पौर्णिमेला समुद्राला नारळ दिला की होड्या पाण्यात पडतात, आणि भाद्रपद-अश्विनात बांगड्याचे थवेच्या थवे किनाऱ्याजवळ येतात. मग रापण लागते. रापण म्हणजे किनाऱ्यावरून ओढायचे लांबलचक जाळे. त्याचे एक टोक किनाऱ्यावरच्या माणसांच्या हातात, दुसरे घेऊन होडी आत जाते, माशांच्या थव्याला वळसा घालते आणि परत येते. मग दोन्ही टोके धरून अख्खे गाव ओढते. हे मला इतके नीट सांगता येते याचे कारण तांडेलांनी ते मला दर अश्विनात, माझ्याच धोतराचे जाळे करून, दाखवलेले आहे. याच दिवसांत गावाहून त्यांच्या धाकट्या भावाकडून सुक्या बांगड्यांचे पार्सल येई. चाळीचे मालक लिंगायत, खाली राहणारे, कांदासुद्धा बेताने खाणारे. खोली देताना "गिरणीत दोरवाला आहे" एवढेच त्यांना कळले होते. पार्सल उघडले की ते जिन्याच्या तळाशी येऊन नाकाला उपरणे लावून वर बघत. "तांडेल, तुमचा समुद्र माझ्या देवघरात आला की हो." तांडेलांना हे कौतुक वाटे.

त्यांना एकुलता एक मुलगा होता, सदू. माझाच विद्यार्थी. जन्म सोलापूरचा, पोहायला शिकलेला विहिरीत, आणि वडिलांच्या हाताखाली गिरणीत लागलेला. त्याला समुद्र शिकवायचे तांडेलांनी मनावर घेतले. जागा ठरली एकरुखचा तलाव. होडी कुठली आणायची? तलावाकाठच्या एका मळेवाल्याची गूळ करायची लोखंडी काहील उसनी मागून आणली. तिकडे नदीकाठाला लोक काहिलीत बसून नदी ओलांडतात, हे मामींमुळे त्यांना ठाऊक होते. पण तसे त्यांनी कबूल केले नाही. काहील पाण्यात सोडली की ती पुढे जायच्या ऐवजी जागीच गरगर फिरे. तिच्यात बसून बापलेक एका रविवारी रापण घालायला निघाले. काठावर मी आणि मामी. जाळ्याच्या जागी गिरणीतला टाकाऊ दोर, त्याचे एक टोक काठावर माझ्या हातात आणि दुसरे काहिलीच्या कडीला बांधलेले. प्रश्न बांगड्यांचा राहिला होता. तलावात एक म्हैस नाकापर्यंत बुडून बसली होती.

"ती म्हस म्हंजे बांगड्याचो थवो समज," तांडेल म्हणाले. सदू समजला. काहील गरगरत म्हशीच्या मागून आली, दोराचा वळसा पुरा झाला आणि मला सांगितल्याप्रमाणे मी ओढू लागलो. म्हशीला मात्र कोणी काही समजावून सांगितले नव्हते. दोर पोटाला लागताच ती उठली आणि खोल पाण्याच्या दिशेने निघाली. माझ्या हातातले टोक केव्हाच सुटले होते. ते तिच्या शिंगात गुंतले आणि दुसऱ्या टोकाची काहील बापलेकांसकट तिच्यामागे ओढली जाऊ लागली. काहील एका अंगाला कलली, आत पाणी आले. "दोर सोडा की," मामी काठावरून ओरडत होत्या. सदू कडीशी झटत होता आणि गाठ काही सुटत नव्हती. शेवटी म्हैसच दमून वळली आणि तिने सगळा लवाजमा काठाला आणून लावला. म्हशीचा मालक तोंडाला येईल ते बोलत होता. तांडेल चिंब भिजलेले, चिखलात बसलेले, आणि त्यांच्या तोंडावर नुसता आनंद. ते काहिलीची कडी सर्वांना दाखवत होते. "बघा. एवढी म्हस, पण सुटली माझी गाठ?"

आम्ही सगळे पोट धरून हसलो. मीही हसलो, हे मला इथे लिहिलेच पाहिजे.

पुढल्या वर्षी सदू एकोणीस वर्षांचा झाला आणि नारळी पौर्णिमेच्या आधी एके दिवशी माझ्याकडे आला. "गुर्जी, मी काकाकडं जाऊ का? रापणीला. हितं दोर वडून वडून कटाळलो." मी म्हटले, जा. तरुण मुलगा आहे, पाहू दे जग, असे मला वाटले. तांडेलांना त्याने सांगितले तेव्हा ते आनंदाने रडले. चाळीतल्या प्रत्येक दारात त्यांनी खोबऱ्याचा तुकडा वाटला, मालकांच्या देवघरातसुद्धा. मुलाला गाडीत बसवून आले आणि त्या दिवशी त्यांनी वारा पाहिला नाही. मी म्हटले, चला, सुटलो.

सुटलो कसचा. आठच दिवसांत तांडेल दिवसातून एकदाऐवजी पाच वेळा बोट ओले करू लागले. जन्मभर ज्या समुद्राची थोरवी गायली, त्याचे नाव निघाले की आता ते उठून जात. पूर्वेला ढगाचा ठिपका दिसला की ते माझ्या खोलीत येऊन बसत. त्यांना धीर देण्यासाठी मी भूगोलाच्या पुस्तकातले खारे वारे आणि मतलई वारे वाचून दाखवले, पहाटे जमिनीवरून वाहणाऱ्या वाऱ्याने होड्या आत जातात आणि दुपारच्या वाऱ्याने परत येतात वगैरे. ते शांतपणे ऐकत आणि विचारत, "आणि मधीच फिरलो तर?" हे पुस्तकात नव्हते. मामी वरवर हसत. "आवो, आपला सदू काय तुमच्यागत काहिलीत बसलाय व्हय? काका हाय की संगं." पण सदूचे कार्ड आले की सगळ्यांत आधी त्याच मला हाक मारत, आणि मी वाचून दाखवेपर्यंत हातातले पीठही धूत नसत. त्या अश्विनात पार्सल आले नव्हते. एक दिवस मालकांनी मला जिन्यात गाठून हळूच विचारले, "यंदा वास आला नाही की हो अजून. सगळं बरं आहे ना?"

दसऱ्याच्या आधीच्या बुधवारची गोष्ट. मी वर्गात त्रैराशिक शिकवत होतो. मुलांच्या माना एकदम दाराकडे वळल्या. दारात तांडेल उभे. गिरणीचे कपडे, केसांत कापूस, हातात दोराचा हातभर तुकडा, पाय अनवाणी. भोंगा व्हायला अजून दोन तास होते, म्हणजे ते काम टाकून आले होते. बावीस वर्षांत असे घडले नव्हते.

"मास्तरानू, चूक झाली," ते म्हणाले आणि सरळ वर्गात येऊन खिडकीच्या गजाला दोर बांधू लागले. त्यांनी गाठ मारली आणि मला म्हणाले, "सोडा." मी ओढले, नखांनी उकरले. सुटली नाही. सुटणार नव्हती हे मला ट्रंकेपासून माहीत होते.

हळूहळू मला उलगडा झाला. सकाळी गिरणीत एक जड चाक वर चढवताना साहेबाने त्यांची पाठ थोपटली होती. दोरवाल्या, तुझी गाठ माणूस बुडाला तरी सुटायची नाही, असे काहीसे तो मोडक्या मराठीत म्हणाला होता. तांडेल तेवढे ऐकून जागच्या जागी थिजले. होडीत जाळ्याचा दोर बांधतात तो सुटत्या गाठीने, एका हिसक्यात मोकळी होईल अशा. वारा फिरला, जाळे खडकात अडकले की दोर सोडून द्यायचा असतो, नाहीतर जाळे होडीला घेऊन जाते. हे त्यांना लहानपणी ठाऊक होते. गिरणीत बावीस वर्षे न सुटणाऱ्या गाठी मारता मारता त्यांचे हात ते विसरून गेले. "सगळा सांगितलंय तेका," ते म्हणाले. "भरती, वारो, बांगड्याचो रंग. आणि सुटती गाठ शिकवूकच नाय. म्हशीच्या येळेक मी हसलंय, मास्तरानू." माझ्याही डोळ्यांपुढे ती कललेली काहील आली. जा म्हणून सांगणारा मीच होतो.

वर्ग शेजारच्या मास्तरांच्या हवाली करून आम्ही तारघर गाठले. तार इंग्रजीत मी लिहिली: दोर सुटत्या गाठीने बांध, सुरी जवळ ठेव, वडील. तारबाबूने ती दोनदा वाचली आणि चष्म्यावरून आमच्याकडे पाहिले. ते चळवळीचे दिवस असे होते की दोन माणसे काही खुणेचे बोलली तरी सरकारला घाम फुटे. "ही गाठ कसली?" त्याने विचारले. "होडीची," मी म्हटले. "आपण कुठले?" "सोलापूरचे." यावर त्याने लेखणी खाली ठेवली. आणि सुरी कशाला, हे तर मला नीट सांगताही येईना. शेवटी तांडेलांनी काउंटरच्या गजाला दोर बांधून त्याला गाठ सोडायला लावली. पाच मिनिटे तो झटला, घामाघूम झाला आणि मुकाट्याने तार पाठवली. तो दोर तिथेच राहिला. इतर वेळी मी हे सांगताना खूप हसलो असतो.

त्यानंतरचे दिवस मला आजही नको वाटतात. दोन दिवस पूर्वेकडून काळे ढग येत राहिले, पाऊस झोडपत राहिला, आणि तांडेलांनी बोट ओले करणे सोडून दिले. ते गिरणीत जात, येत, जेवायला बसत आणि उठत. सुटती गाठ त्यांना आठवेना. रोज दोर घेऊन बसत, काहीतरी बांधत आणि हिसका देत. गाठ उलट घट्ट बसे. तिसऱ्या दिवशी सकाळी मामींनी त्यांच्या हातातून दोर काढून घेतला. एक वळसा दिला, दोर दुमडून आत घातला आणि शेपूट ओढले. गाठ मोकळी झाली.

तांडेल बघतच राहिले. मीही.

"माज्या म्हायेरी धा वर्साच्या पोराला बी येती," मामी म्हणाल्या. "नदीत बी दोर सोडावाच लागतोय की. तुमी कंदी इचारलंच न्हाय. माज्या भावाच्या माशाला मीठ न्हवतं न्हवं." त्या रागाने बोलल्या नाहीत. बोलता बोलता त्यांना रडू आले आणि त्या चुलीकडे वळल्या.

पत्र पुढच्या मंगळवारी आले. तांडेलांना अक्षरओळख होती, पण त्यांनी पाकीट माझ्या हातात दिले आणि भिंतीकडे तोंड करून बसले. अक्षर सदूचेच होते, एवढे मी आधी मोठ्याने सांगितले.

त्याने लिहिले होते: "तुमची तार शुक्रवारी पोचली. मंगळवारी सकाळी बांगडा लागला होता. जाळे निम्मे सोडून झाले आणि वारा फिरला. जाळे खडकात अडकले आणि होडी आडवी झाली. काका ओरडले दोर सोड, पण गाठ सुटेना. पाणी आत आले. मग काकांनी कोयत्याने दोर तोडला. निम्मे जाळे गेले. होडी वाचली, माणसे वाचली. माझी दोन बोटे दोराखाली सापडली होती, आता सूज उतरली आहे. किनाऱ्यावर आल्यावर काकांनी विचारले, असली गाठ तुला कुणी शिकवली. मी सांगितले, गिरणीतल्या एका माणसाने. तुमचे नाव घेतले नाही."

म्हणजे तांडेल माझ्या वर्गाच्या दारात येऊन उभे राहिले, तेव्हा सारे आदल्याच दिवशी होऊन गेले होते. मामींनी देवापुढे साखर ठेवली आणि पदराने डोळे पुसले. तांडेल उठले नाहीत. भिंतीकडे बघतच म्हणाले, "शेवटचा परत वाचा." मी वाचले. तुमचे नाव घेतले नाही. त्यांनी ते आणखी एकदा वाचायला लावले. मग त्यांनी मला भावाला एक कार्ड लिहायला सांगितले. मी लेखणी बुडवून थांबलो, कारण त्यांना खूप काही सांगायचे असेल असे मला वाटले. त्यांनी एकच ओळ सांगितली: "ती गाठ मी शिकवली." खाली सही मात्र त्यांनी स्वतः केली, मोठ्या वेड्यावाकड्या अक्षरांत.

सदू परत आला नाही. पाण्याचा माणूस झाला, तिकडेच राहिला. त्या थंडीत तांडेलांनी आणि मामींनी गिरणीतून आणलेल्या सुताचे निम्मे जाळे विणले, रोज संध्याकाळी गॅलरीत बसून, एक टोक यांच्याकडे आणि एक त्यांच्याकडे. मामींचा भाऊ मासे घेऊन आला की तांडेल ते मुकाट्याने खात, एकदा तर त्यांनी दुसऱ्यांदा वाढून घेतले. होळीच्या सुमाराला जाळ्याचे गाठोडे गावी रवाना झाले. ते त्यांनी मामींच्या गाठीने बांधले होते, आणि वाटेत सुटेल म्हणून स्टेशनवरचा बाबू तक्रार करत होता. पुढच्या अश्विनात पार्सल आले. मालक जिन्याखाली येऊन उभे राहिले, नाकाला उपरणे लावायचे विसरून.

तांडेल मात्र समुद्राविषयी पुन्हा कधी बोलले नाहीत. भरतीच्या वेळा बंद झाल्या. पहाटे ते गॅलरीत येत, बोट ओले करत, वारा बघत आणि मला काहीच न सांगता आत जात. आणि माझा दिवस पूर्वीपेक्षा वाईट जाई. चाळीतली लहान मुले सवयीने त्यांना विचारत, तांडेलमामा, समुद्र केवढा असतो? पूर्वी ते दोन्ही हात पसरून गॅलरीभर धावून दाखवत. आता ते स्वयंपाकघराकडे बोट करत.

आणि मामी, ज्यांनी समुद्र कधी पाहिला नव्हता, पोळपाटावरून मान वर करून सांगत, "लई मोठा हाय, बाळांनो. माजा सदू तितं हाय." तोवर तांडेल खिडकीच्या गजाला दोर बांधत, एका हिसक्याने सोडून बघत आणि पुन्हा बांधत.